महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रांची फेरमांडणी : भिवंडीच्या निमित्ताने

महाविद्यालयीन खेळांचा विचार करताना आपल्याकडे खेळाडू, मैदान, मार्गदर्शक आणि पैसा या चार गोष्टींची चर्चा होते. प्रतिस्पर्धी कोण असावा, याची चर्चा क्वचितच होते. प्रतिस्पर्धी जणू निसर्गाने नेमून दिलेला असतो, अशी समजूत त्यामागे असावी. वस्तुतः कोणत्या महाविद्यालयाने कोणाशी खेळावे, किती फेऱ्या जिंकल्यावर त्याच्या खेळाडूला विद्यापीठाचा गणवेश मिळावा आणि त्यासाठी त्याने किती प्रवास करावा, हे सर्व मनुष्यनिर्मित सीमारेषांवर अवलंबून असते. या रेषा बदलतात, आणि त्या बदलल्या की गुणवत्ता तीच राहूनही खेळाडूचे भवितव्य बदलते. पुढे त्या कोठे सरकतील, याविषयी अनुमाने बांधणे हा काही देशांत एक प्रचंड लोकप्रिय उद्योग आहे. आपल्याकडे तो नाही. परंतु त्यासाठी लागणारी सामग्री मात्र विपुल आहे.

भिवंडीचे उदाहरण घ्यावे. यंत्रमागांच्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर होती. येथील बी. एन. एन. महाविद्यालय आणि जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ बहुतेक सांघिक खेळांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा प्रथम विभागवार घेते. मुंबईतील महाविद्यालयांचे विभाग निराळे, ठाण्याकडील निराळा आणि कोकणाकडील निराळा. भिवंडीचा संघ ठाण्याकडील महाविद्यालयांशी झुंजून वर आला म्हणजे त्याची गाठ मुंबईच्या संघांशी पडते. आणि या सर्व खटाटोपात ज्यांचा खेळ नजरेत भरतो, त्यांना निवडचाचणीतून विद्यापीठाच्या संघात स्थान मिळते. त्यापुढचा टप्पा भारतीय विद्यापीठ संघाच्या नियंत्रणाखाली असतो. या संस्थेची स्थापना आंतरविद्यापीठीय मंडळ या नावाने १९२५ मध्ये झाली आणि १९७३ मध्ये तिने सध्याचे नाव धारण केले. तिने देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे चार विभाग कल्पिले असून महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोवा यांतील विद्यापीठे पश्चिम विभागात येतात. अनेक सांघिक खेळांत प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात.

या सबंध रचनेचा कणा एका साध्या नियमात आहे. विद्यापीठ लहान असो वा मोठे, त्याचा संघ एकच. मुंबई विद्यापीठाकडे सात जिल्ह्यांतील आठशेहून अधिक महाविद्यालये आहेत. कबड्डीत प्रत्यक्ष मैदानावर सात आणि राखीव धरून बारा खेळाडू असतात, म्हणजे मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी जागा बारा. चार-दोन महाविद्यालयांच्या विद्यापीठालाही जागा बाराच. राज्यसभेत लहान राज्याला लोकसंख्येच्या मानाने काही अधिक प्रतिनिधित्व मिळते, त्याबद्दल राज्यशास्त्राचे अभ्यासक बरेच लिहितात. येथील विषमता तिच्या कितीतरी पट आहे, परंतु तिची दखल कोणी घेतलेली दिसत नाही.

हा नियम ध्यानात घेतला म्हणजे अमेरिकेतील फेरमांडणी आणि आपल्याकडील फेरमांडणी या परस्परविरुद्ध दिशांनी का जातात, ते कळते. अमेरिकेत विद्यापीठे स्वेच्छेने एकत्र येऊन खेळांपुरते मंडल बांधतात. त्यास तेथे कॉन्फरन्स म्हणतात. शासनाचा त्याच्याशी संबंध नाही. शेजारच्या, साधारण सारख्या दर्जाच्या विद्यापीठांनी आपसांत नियमित सामने खेळावेत, ही मूळ कल्पना. मध्य-पश्चिमेतील सात विद्यापीठांनी १८९६ मध्ये असे एक मंडल स्थापन केले. ते पुढे ‘बिग टेन’ म्हणून प्रसिद्धीस आले. १९८४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणावरील राष्ट्रीय संस्थेची मक्तेदारी मोडून काढली, आणि सामने विकण्याचा अधिकार विद्यापीठांच्या व त्यांच्या मंडलांच्या हाती आला. त्या क्षणापासून मंडलाचा आकार हा भूगोलाचा प्रश्न न राहता बाजाराचा प्रश्न झाला. अधिक सदस्य म्हणजे अधिक शहरांतील प्रेक्षक, अधिक प्रेक्षक म्हणजे प्रक्षेपणाचा मोठा करार. आग्नेय भागातील मंडलाने बारा सदस्य जमवून १९९२ मध्ये स्वतःचा अंतिम सामना सुरू केला, आणि इतरांनी त्याचा कित्ता गिरविला.

या क्रमाची परिणती २०२४ मध्ये झाली. पॅसिफिक किनाऱ्यावरील, १९१५ पासूनची परंपरा सांगणारे बारा सदस्यांचे मंडल एका उन्हाळ्यात विस्कटले. दहा सदस्य निघून गेले, आणि ओरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील दोन विद्यापीठे मागे उरली. त्यांनी नंतर इतरांना जमवून मंडल पुन्हा उभे करण्याचा उद्योग आरंभिला. गेलेल्यांपैकी चार बिग टेनमध्ये दाखल झाली. ‘दहा’ हे नाव मिरविणाऱ्या या मंडलाची सदस्यसंख्या त्यामुळे अठरा झाली. स्टॅनफर्ड आणि बर्कली येथील विद्यापीठे तर अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडलात गेली. पॅसिफिकच्या काठी राहून अटलांटिकचे नाव लावणे हा भूगोलाचा उपहासच होय. परंतु उपहासापेक्षा त्यातील भार महत्त्वाचा आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा एक मंडलबंधू न्यू जर्सीत आहे, म्हणजे सुमारे चार हजार किलोमीटरांवर. करार झाला तो फुटबॉलसाठी. विमानातून ये-जा करावी लागते ती व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल व पोहणे यांतील मुलामुलींनाही, ज्यांच्या सामन्यांमुळे त्या करारातील रकमेत फारशी भर पडलेली नसते.

तेथे विस्ताराला बक्षीस आहे, आपल्याकडे विभाजनाला. अमेरिकन विद्यापीठ मोठ्या मंडलात शिरले की त्याचा लाभ वाढतो. महाराष्ट्रातील महाविद्यालय मोठ्या विद्यापीठातून बाहेर पडले की त्याच्या खेळाडूंच्या संधी वाढतात. मुंबई विद्यापीठाची उद्या तीन विद्यापीठे झाली, तर कबड्डीतील बारा जागांच्या छत्तीस होतील. एकही नवे मैदान नको, एकही नवा मार्गदर्शक नको. राजपत्रातील एक अधिसूचना पुरे.

हे काही केवळ कल्पनेने रचलेले चित्र नव्हे. मुंबई विद्यापीठाचा इतिहास म्हणजे अशा विभाजनांची मालिकाच आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे क्षेत्र एके काळी सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेले होते. तरुणपणी निधन पावलेल्या रोहिंटन बारिया या मुलाच्या स्मरणार्थ त्याच्या वडिलांनी दिलेल्या चषकासाठी १९३५-३६ पासून विद्यापीठांचे क्रिकेट सामने सुरू झाले, तेव्हा कराची, अहमदाबाद, पुणे आणि धारवाड येथील विद्यार्थ्याला त्यात उतरावयाचे असल्यास वाट एकच होती, ती मुंबईच्या संघातून जाणारी. १९४७ मध्ये सिंध विद्यापीठ झाले. १९४९ मध्ये पुणे, गुजरात, कर्नाटक आणि बडोदे ही विद्यापीठे कामाला लागली, आणि जेथे एक संघ होता तेथे दहा-बारा वर्षांतच अनेक संघ उभे राहिले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले. गोव्यातील महाविद्यालये मुक्तीनंतर मुंबईशी जोडलेली होती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झाल्यावर तेथील विद्यार्थ्यालाही स्वतःच्या विद्यापीठाच्या नावाने पश्चिम विभागात उतरता येऊ लागले. फुटबॉल ज्या प्रदेशाच्या अंगवळणी पडला आहे, त्याला आपला संघ मिळण्यासाठी विद्यापीठ कायद्याची वाट पाहावी लागली, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

यांतील एकही विद्यापीठ खेळासाठी निर्माण झाले नाही. भाषा, प्रादेशिक अस्मिता, परीक्षांचा वाढता पसारा, पदव्युत्तर शिक्षणाची सोय ही कारणे होती. खेळाचा नकाशा खेळाकडे पाहून काढला जातच नाही. दुसऱ्या कोणत्या तरी हेतूने ओढलेल्या रेषांची ती पडछाया असते. याचे अगदी अलीकडचे उदाहरण मुंबईतच सापडते. २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ अस्तित्वात आले आणि एल्फिन्स्टन, सिडनहॅम यांसारखी शासकीय महाविद्यालये त्यात गेली. एल्फिन्स्टन तर मुंबई विद्यापीठापेक्षा वयाने वडील. पाठोपाठ २०२० मध्ये एच. एस. एन. सी. विद्यापीठात के. सी. आणि एच. आर. ही महाविद्यालये समाविष्ट झाली. समूह विद्यापीठांच्या या कल्पनेमागे अभ्यासक्रमाचे स्वातंत्र्य व अनुदान यांचा विचार होता. परंतु त्याचा क्रीडाविषयक परिणाम असा झाला की, विजय मर्चंट ज्या सिडनहॅमचे विद्यार्थी होते, त्या महाविद्यालयाचा खेळाडू आज मुंबई विद्यापीठाच्या संघासाठी पात्र राहिलेला नाही. आणि त्याच वेळी आठशे महाविद्यालयांच्या गर्दीतून वाट काढण्याचे कष्टही त्याला उरलेले नाहीत. ज्या दक्षिण मुंबईला मैदाने, मंडळे आणि आगगाडी यांची कधी वाण नव्हती, तिला विभाजनाचा लाभ प्रथम मिळाला. भिवंडी, शहापूर, जव्हार येथील महाविद्यालये होती तेथेच राहिली.

विभाजनाच्या लाभाला एक मर्यादा मात्र आहे, आणि ती दृष्टीआड करता येत नाही. विद्यापीठांची संख्या वाढली, तरी विभागातून अखिल भारतीय स्पर्धेत जाणारे संघ चारच राहतात. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वीसच्या आसपास विद्यापीठे होती. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीत ती १,१६८ नोंदली गेली. उंबरठा रुंदावत गेला, आतली खोली तेवढीच राहिली. पश्चिम विभागाच्या पहिल्याच फेरीत बाद होऊन परतणारे अनेक संघ आणि बलाढ्य असा एकच संघ, यांत खेळाडूचे हित कशात आहे? मोठ्या विद्यापीठाच्या संघात जो शिरकाव करून घेतो, त्याला सोबती तोलामोलाचे मिळतात व पुढच्या फेऱ्यांचा अनुभव मिळतो. जो शिरू शकत नाही, त्याला काहीच मिळत नाही. नोकरीतील पाच टक्के क्रीडा-आरक्षणासारख्या सवलतींसाठी कोणत्या स्पर्धेतील कोणते स्थान ग्राह्य धरावे, हे शासननिर्णय ठरवितात. तेव्हा केवळ सहभागाने सर्व काही साधते असेही नाही. तरीसुद्धा ज्याला चाचणीतच डावलले गेले, त्याच्यापुढे हा प्रश्न उद्भवतच नाही, हेही तितकेच खरे.

विभाजनाने दर्जा घसरतोच, असा जो आक्षेप घेतला जातो, त्याला पंजाबने परस्पर उत्तर दिले आहे. अमृतसरचे गुरु नानक देव विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले, आणि त्या भागातील जी महाविद्यालये तोवर पंजाब विद्यापीठाशी संलग्न होती ती त्याच्याकडे आली. क्षेत्र लहान, वय कोवळे. पण विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रातील सर्वोच्च मानली जाणारी, १९५६-५७ पासून दिली जाणारी मौलाना अबुल कलाम आझाद ढाल या विद्यापीठाने वीसहून अधिक वेळा पटकाविली. जालंधर व अमृतसर येथील महाविद्यालयांत खेळाची परंपरा अगोदरच होती आणि नव्या विद्यापीठाने तिच्यावर पैसा खर्च केला. रेषा ओढल्याने परंपरा निर्माण होत नाही. होती ती मोकळी झाली. अलीकडे या चित्रात आणखी एक रंग भरला आहे. २०२४ सालची ढाल चंदिगड विद्यापीठाला मिळाली. हे २०१२ मध्ये निघालेले खाजगी विद्यापीठ. त्याला संलग्न महाविद्यालयांचे क्षेत्रच नाही, ते देशभरातील खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे आणते. अमेरिकेतील रीतीशी आपले कोठे साम्य दिसू लागले असेल तर ते येथे. महाविद्यालय हलू शकत नसेल, तर खेळाडूच हलतो.

आता भिवंडीपुरते अनुमान. अमेरिकेतील भाकिते करणारे लोक प्रक्षेपणाचा करार केव्हा संपतो याकडे डोळे लावून बसतात. आपल्याकडे पाहावयाची चिन्हे निराळी आहेत. गोव्यात स्वतंत्र विद्यापीठापूर्वी पणजीला मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र होते. सोलापुरात शिवाजी विद्यापीठाचे केंद्र होते, तेथे २००४ मध्ये विद्यापीठ झाले. केंद्र किंवा उपपरिसर हा बहुधा भावी विद्यापीठाचा पाया ठरतो. मुंबई विद्यापीठाने ठाणे, कल्याण व रत्नागिरी येथे उपपरिसर काढले आहेत. ठाण्याचा उपपरिसर बाळकुमला आहे, म्हणजे खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुकाच. लोकसंख्येचा निकष लावला तरी कल ठाण्याच्या बाजूनेच पडतो. सोलापूर विद्यापीठाचे क्षेत्र एकाच जिल्ह्याचे, आणि त्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये त्रेचाळीस लाख. त्याच वर्षी अविभक्त ठाणे जिल्ह्याची एक कोटी दहा लाख होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे सोलापूरहून पुष्कळ मोठाच राहतो. तेव्हा ठाणे-पालघर मिळून एक विद्यापीठ होणे हे अनुमान धाडसाचे म्हणता येणार नाही. मात्र विद्यापीठांची विभाजने महाराष्ट्रात मागणीनंतर दशकादशकांच्या अंतराने होतात, हेही अनुमान बांधणाऱ्याने विसरू नये. त्याआधी एखादे खाजगी किंवा समूह विद्यापीठ या पट्ट्यात उभे राहून एक-दोन महाविद्यालये अलगद उचलून नेईल, याचा संभव अधिक दिसतो.

समजा, ठाणे-पालघरचे विद्यापीठ झालेच. तर भिवंडीला काय मिळेल? पहिल्या फेऱ्यांत जवळजवळ काहीच नाही. प्रतिस्पर्धी तेच राहतील : ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, वसई. हे दुबळे नाहीत. बदलेल ते शेवटचे दार. आज ज्या चाचणीत भिवंडीच्या मुलाला मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांच्या खेळाडूंशी स्पर्धा करावी लागते, तेथे ती उरणार नाही. कबड्डी आणि कुस्ती या खेळांत, ज्यांची मुळे भिवंडीभोवतालच्या आगरी-कोळी गावांत रुजलेली आहेत, हा फरक लहान नव्हे. कुस्तीत तर वजनगटाला विद्यापीठाचा मल्ल एकच. विद्यापीठे दोन झाली की मल्ल दोन. क्रिकेटमध्ये, जेथे मैदान व साधने यांचा हिशेब मोठा असतो, लाभ तुलनेने कमी होईल.

याच शहरात शालेय खेळांची रचना मात्र अगदी वेगळी आहे, आणि ती विद्यापीठाने अभ्यासावी अशी आहे. शासनाच्या शालेय क्रीडास्पर्धांत महानगरपालिका हा जिल्ह्याच्या बरोबरीचा स्वतंत्र घटक मानला जातो. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका २००१-०२ मध्ये अस्तित्वात आल्यावर येथील शाळेचा विजेता संघ शहराच्या नावाने थेट मुंबई विभागाच्या स्पर्धेत जाऊ लागला. तोच मुलगा दोन वर्षांनी पदवीच्या वर्गात गेला की शहराचे नाव पुसले जाते आणि तो ठाण्याकडील गर्दीत सामील होतो. शाळेत असताना ज्याला विभागाचे मैदान पाहावयास मिळाले, त्याला महाविद्यालयात ते मिळत नाही. आणि खेळ सोडण्याचे वयही नेमके तेच असते.

यावरून एक लहानसा, कायद्याला हात न लावता करता येण्याजोगा बदल सुचतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे विभाग विद्यापीठाने स्वतःच आखलेले आहेत. ते त्याला पुन्हा आखताही येतील. भिवंडी, शहापूर, वाडा आणि मुरबाड यांचा एक उपविभाग करून त्याचे सामने भिवंडीत घेतले, आणि त्यातील विजेत्यालाच पुढच्या फेरीसाठी बाहेर पाठविले, तर पहिल्या फेरीचा प्रवास वाचतो. हा प्रवास नकाशावर किरकोळ दिसतो. भिवंडीहून ठाणे पंधरा किलोमीटर आणि कल्याण दहा. पण भिवंडी रोड स्थानक दिवा-वसई मार्गावर आहे; मुंबईची लोकल धरण्यासाठी आधी बसने वा रिक्षाने ठाण्याला नाही तर कल्याणला जावे लागते, आणि तो रस्ता गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींनी भरलेला असतो. मरीन लाइन्सच्या विद्यापीठ क्रीडागारात सकाळी नऊला हजर राहावयाचे तर घरून पहाटेच निघावे लागते. ज्या घरात यंत्रमागावर पाळ्यांनी काम चालते, तेथे मुलाचा असा एक दिवस म्हणजे एक बुडालेली पाळी. मुलीच्या बाबतीत हिशेब आणखी कडक होतो. संघाच्या शिक्षिका सोबत असल्या, तरी सामना लांबला आणि परतताना अंधार झाला, तर पुढच्या सामन्याला परवानगी मिळत नाही. महिला महाविद्यालयाचा संघ हरून बाद होण्यापूर्वीच अपुरा पडून बाद होतो, तो असा.

उपविभाग केल्याने दर्जा उतरेल, अशी शंका यावर घेता येईल. ती निराधार नाही. भिवंडी-शहापूरचा विजेता ठाण्याच्या विजेत्यापुढे पहिली काही वर्षे टिकणार नाही. परंतु आज तो ठाण्यापर्यंत पोचतच नसेल, तर तुलना करावयाची कशाशी? शिवाय अंतर ही काही स्थिर राशी नव्हे. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रोच्या पाचव्या मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. तो मार्ग पूर्णपणे वाहता झाल्यावर भिवंडी आणि ठाणे यांतील अंतर मिनिटांत मोजता येईल, आणि तेव्हा वेगळ्या उपविभागाची गरज भिवंडीपुरती संपेलही. वाडा, मुरबाड आणि शहापूरच्या आतील गावांची ती संपणार नाही. त्यांचे सामने भिवंडीस ठेवावयाचे की शहापुरास, हा प्रश्न त्या वेळी नव्याने घ्यावा लागेल.